उदास गाण्याला पुण्या-मुंबईचा स्टुडिओ लागत नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत स्वतः लिहून, स्वतःच चाल बांधून गाणाऱ्या मुलींच्या एकल अल्बमांवर मजकूर आला होता. एकटीनं गायलेल्या संथ, उदास गाण्यांची दखल जिल्ह्याच्या दैनिकानं घेतली, हे चांगलंच झालं. पण 'अशा कामासाठी शेवटी पुण्या-मुंबईचाच रस्ता धरावा लागतो' असा जो त्यात सूर होता, तो पटला नाही. आम्हा दोघांपैकी एक ध्वनिमुद्रण करतो आणि एक गाणं शिकवते. आमचं मत नेमकं उलट आहे. हळू आवाजातली आठ-दहा गाणी मुद्रित करायला शांत खोली लागते, बरोबर पट्टी लागते आणि जास्तीचं काढून टाकायची तयारी लागते. यातल्या पहिल्या दोन गोष्टी जळगाव, धुळे, नंदुरबारात महानगरापेक्षा सहज मिळतात. तिसरी कुठल्याच स्टुडिओत ताशी भाड्यानं मिळत नाही.

आमच्याकडचे स्टुडिओ वाईट आहेत असं मुळीच नाही. अहिराणी लग्नगीतांचं जे काम इथल्या लहान खोल्यांतून होतं, ते त्याच्या जागी पक्कं असतं. पण त्या कामाची रीत वेगळी. आधी ठेका बसवायचा, त्यावर सिंथेसायझरची शहनाई, मग आवाज, आवाजावर ऑटोट्यून (सूर आपोआप 'सुधारणारं' सॉफ्टवेअर), आणि शेवटी सगळं इतकं चेपायचं की वरातीतल्या डीजेच्या बॉक्समधून शब्द फाडून बाहेर यावेत. एखादी मुलगी गिटार नाहीतर पेटी घेऊन चार उदास गाणी मुद्रित करायला गेली, की हीच रीत फक्त मंद लयीत वापरली जाते. ठेका मिनिटाला सत्तर मात्रांवर येतो, बाकी सरंजाम तसाच: सुरुवातीला बासरी, मागे सिंथेसायझरचे सलग पसरलेले सूर, म्हणजे पॅड, आवाजावर सभागृहाएवढा घुमारा, म्हणजे रिव्हर्ब. 'उदास पाहिजे ना, रिव्हर्ब वाढवून देतो' हे वाक्य सर्रास ऐकू येतं.

नुकसान कसं होतं ते पाहा. काळी चारमध्ये, म्हणजे पेटीची चौथी काळी पट्टी 'सा' धरून, गाणाऱ्या बाईचा मध्य षड्ज साधारण २०८ हर्ट्झवर असतो. पॅडचा भरणा २०० ते ५०० हर्ट्झमध्ये, म्हणजे तिच्या आवाजाच्या उबेवरच. आवाज दबला म्हणून मिक्स करणारा ३,००० हर्ट्झच्या आसपास तो वर उचलतो. आता तो ऐकू येतो, पण टोचतो. टोचू नये म्हणून रिव्हर्ब वाढतो आणि शब्दांच्या कडा पुसल्या जातात. हळू गाण्यात भाव मोठ्या तानेत नसतो. तो श्वासात, ओठ उघडताना होणाऱ्या बारीक आवाजात, 'त'वर जीभ टेकण्यात असतो. पुसलं जातं ते नेमकं हेच. पॅड काढून टाकला असता तर पुढचे दोन्ही उपाय करावेच लागले नसते.

आता खोली. तापीकाठच्या गावांत अजून धाब्याची घरं उभी आहेत. दीड-दोन फुटी मातीच्या भिंती, वर लाकूड आणि मातीचं धाबं, भिंतीत कोनाडे, खाली सारवलेली जमीन. जाड मातीमुळे बाहेरचा आवाज अडतो, कोनाडे आणि कड्या आतला आवाज विखरून टाकतात. मुद्रणासाठी अशी खोली हजारो रुपये खर्चून बांधून घ्यावी लागते, आणि आपल्याकडे ती गोदाम म्हणून पडून आहे. ती नसेल तर स्लॅबच्या घरातली खोलीही चालते, पण लांबी, रुंदी, उंची तिन्ही सारखी असलेली चौकोनी खोली टाळा. दहा बाय दहा आणि उंचीही दहा फूट असेल, तर ५६ हर्ट्झ आणि त्याच्या पटीतले ११३, १६९ हे ठरावीक खालचे सूर तिन्ही दिशांनी एकदम घुमतात. पत्र्याचं छप्पर तर नकोच. ऊन उतरलं की पत्रा थंड होताना तासभर टकटक करतो, आणि ती टकटक हमखास सगळ्यात हळव्या ओळीवर येते.

खोली कशी आहे हे एका टाळीत कळतं. मधोमध उभं राहून जोरात टाळी वाजवा. मागे 'झर्रर्र' असा धातूसारखा आवाज राहिला तर समोरासमोरच्या दोन भिंती आवाज टोलवत आहेत. त्यावर उपाय घरातल्या जाड गोधड्या. भिंतीला चिकटवू नका, दोरीवर भिंतीपासून अर्धी-एक वीत अंतरावर टांगा. मागे पोकळी राहिली की गोधडी जरा खालचे सूरही शोषते, चिकटवली तर फक्त वरचे. आणि टांगायच्या कुठं? बहुतेक जण माइकच्या मागे टांगतात. मुख्यतः समोरचंच ऐकणाऱ्या, म्हणजे कार्डिऑइड, माइकला त्याच्या पाठीमागचं फारसं ऐकूच येत नाही. त्याला ऐकू येतं ते गाणारीच्या पाठीमागून येणारं. म्हणून पहिली गोधडी तिच्या पाठीमागे, दुसरी तिच्या बाजूला. कोपऱ्यात कापसाच्या जुन्या गाद्या उभ्या करा. कापसाच्या मुलखात राहून फोम विकत आणायची गरज नाही. अंड्यांचे ट्रे भिंतीला लावायची खोड मात्र कुणीतरी मोडायला हवी. ते वरचे थोडे सूर खातात, खालचा गोंगाट तसाच राहतो आणि खोली कोंदट वाटू लागते. सगळ्या भिंतीही झाकू नयेत. अर्धी खोली उघडी राहिली तर आवाजात जीव राहतो.

वेळ म्हणाल तर दिवाळीनंतर ते फेब्रुवारी. जळगाव-भुसावळचा पारा पंचेचाळिसाला टेकतो तेव्हा कूलर बंद करून कुणी गाऊ शकत नाही, आणि कूलर चालू ठेवून मुद्रण होऊ शकत नाही. पावसाळ्यात रातकिडे. त्यांचा आवाज चार-पाच हजार हर्ट्झच्या पट्ट्यात असतो, म्हणजे व्यंजनं जिथं स्पष्ट होतात तिथंच. तो काढायला गेलं की शब्दही बोबडे होतात. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद ठेवावेत असा २००० सालचा केंद्राचा नियम आहे. लग्नसराईत त्याच्या भरवशावर बसू नका, पण थंडीतल्या रात्री अकरानंतर गावं खरोखर शांत होतात. पंखा बंद, फ्रिज बंद. फ्रिज परत लावायचा विसरू नये म्हणून गाडीची किल्ली फ्रिजमध्ये ठेवावी, ही युक्ती जुनी आहे आणि कामाची आहे. घड्याळाचे सेल काढा. भुसावळसारख्या जंक्शनच्या गावात इंजिनाचा हॉर्न आला तर सरळ ओळ परत गा, सॉफ्टवेअरनं तो काढायच्या फंदात पडू नका.

विजेचा त्रास आपल्याकडे जास्त. जुन्या घरात अर्थिंग धड नसतं, त्यामुळे हेडफोनमध्ये ५० हर्ट्झची आणि तिच्या पटीतली सलग घुरघुर येते. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर काम करा, निम्म्याहून जास्त घुरघुर तिथंच जाते. घरच्या इन्व्हर्टरवर मुद्रण करू नका. स्वस्त इन्व्हर्टरची वीज चौकोनी लहरींची असते, तिची करकर माइकच्या वायरीत शिरते. पंख्याचा रेग्युलेटर आणि हलक्या प्रतीचे एलईडी दिवेही तेच करतात. भारनियमनाची वेळ आधी पाहून ठेवावी, हे खानदेशात वेगळं सांगायला नको.

साहित्य फार लागत नाही. एक कंडेन्सर माइक, एक ऑडिओ इंटरफेस, बंद कपाचे हेडफोन, स्टँड आणि पॉप फिल्टर. इंटरफेसवर ४८ व्होल्टचं बटण असतं, कंडेन्सर त्याशिवाय बोलत नाही. मुद्रण २४ बिट आणि ४८ किलोहर्ट्झवर. पातळी अशी ठेवा की सगळ्यात मोठा सूर उणे दहा-बारा डेसिबलपर्यंत जाईल. शून्याला टेकून आवाज फाटला तर तो टेक गेला, कुठल्याही सॉफ्टवेअरनं तो धड परत येत नाही. उलट थोडा हळू मुद्रित झालेला आवाज २४ बिटमध्ये नंतर बिनधास्त वाढवता येतो. गाणं सुरू करण्याआधी रिकाम्या खोलीचं अर्धा मिनिट मुद्रण करून ठेवा. ओळी जोडताना मधली शांतता भरायला तेच लागतं. सॉफ्टवेअरची निव्वळ शांतता मध्ये टाकली तर कानाला खड्डा पडल्यासारखं होतं.

माइक तोंडापासून एक वीत. जवळ गेलं की आवाजातला खर्ज आपोआप वाढतो, आणि हळू गाणाऱ्या मुलीला तो हवा असतो. पण वीतभराच्याही आत गेलं तर तोच खर्ज गढूळ होतो, आणि डोकं दोन बोटं हललं तरी आवाजाचा रंग बदलतो. मराठीची एक खास अडचण आहे. भ, फ, ख, थ, घ यांचा श्वास माइकच्या पडद्यावर धाडकन आपटतो. 'भाकर', 'फूल', 'थांब' असे शब्द ओळीच्या सुरुवातीला असतील तर पॉप फिल्टरही पुरत नाही. माइक नाकाच्या उंचीवर ठेवून किंचित खाली, ओठांच्या कोपऱ्याकडे वळवा, म्हणजे हवा त्याच्या बाजूनं निघून जाते. श आणि स टोचत असतील तर माइक आणखी थोडा तिरपा करा, श-सची धार कमी करणारं डी-एसर नंतर. मुद्रणाच्या रात्री ठेच्याबरोबर भरीत-भाकरी हाणून बसू नये. घशाशी आलं की पहिला बळी हळू सुरांचाच जातो. तोंड कोरडं असेल तर जिभेची चटचट माइकमध्ये येते, तेव्हा साध्या पाण्याचे घोट घेत राहा.

आता पट्टी. आपल्याकडच्या शिकलेल्या मुली सवयीनं काळी पाचमध्ये गातात, कारण परीक्षा आणि स्पर्धा त्याच पट्टीत दिलेल्या असतात. स्पर्धेत आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायचा असतो. इथं माइक वीतभरावर आहे. तेच गाणं काळी चारमध्ये, म्हणजे एक पूर्ण सूर खाली आणलं की वरचा तार षड्ज न ओरडता लागतो. त्याहून खाली जायचा मोह आवरावा. फार खाली गेलं की मंद्रातली अक्षरं नुसती हवा होऊन जातात. परीक्षा सोपी आहे: गाण्यातला सगळ्यात खालचा शब्द स्पष्ट ऐकू यावा आणि सगळ्यात वरचा सूर निजलेलं मूल जागं न होता घेता यावा. दोन्ही जमतं ती पट्टी तुमची. गिटारवर काळी चारसाठी जी-आकाराच्या कॉर्डी आणि पहिल्या फ्रेटवर कापो (तारा दाबून धरणारा चिमटा), काळी पाचसाठी तोच कापो तिसऱ्या फ्रेटवर.

कोमल गंधार लावला की गाणं उदास होतं, ही समजूत अर्धीच खरी. शिवरंजनी रागाचे सूर लावून रडवेलं गाणं पाच मिनिटांत होतं, आणि तेवढ्याच वेळात विसरलंही जातं. ओळ कुठं संपते याकडे जास्त लक्ष द्यावं. दर ओळ षड्जावर येऊन बसली तर ऐकणाऱ्याला घरी पोचल्यासारखं वाटतं. रिषभावर किंवा पंचमावर सोडली तर काहीतरी बाकी आहे असं वाटत राहतं. मारवा राग ऐकताना जी बेचैनी वाटते ती षड्जावर येणं लांबणीवर टाकल्यामुळेच. शुद्ध स्वरांचं गाणंही या युक्तीनं पुरेसं उदास होतं, आणि ती उदासी अंगावर येत नाही.

गिटार नुकती शिकलेल्या मुलींसाठी एक सोय सांगतो. तारा नेहमीसारख्या न लावता जाडीकडून बारीककडे डी, ए, डी, एफ शार्प, ए, डी अशा लावा. आपल्या भाषेत सा प सा ग प सा. डावा हात न लावताच पूर्ण कॉर्ड वाजते आणि खालचे षड्ज-पंचम तानपुऱ्यासारखे मागे घुमत राहतात. एफ शार्पची तार अर्धा सूर उतरवली की गंधार कोमल. कॅनडाच्या गायिका जोनी मिचेल यांचा डावा हात लहानपणीच्या पोलिओनं कमजोर झाला होता, म्हणून त्यांनी तारा लावण्याच्या अशा वेगळ्या पद्धती शोधल्या. त्यांचा १९७१चा 'ब्लू' हा अल्बम अशा कामाचा नमुना मानला जातो. दहा गाणी, सारी मिळून ३६ मिनिटांच्या आसपास, आणि बहुतेक ठिकाणी साथीला गिटार, पियानो किंवा मांडीवर ठेवून वाजवायचा डल्सिमर एवढंच.

पेटी साथीला घ्यायची तर ती आवाजाबरोबर एकाच माइकवर घेऊ नका. पेटीचा सूर आवाजाच्याच पट्ट्यात बसतो आणि एकदा मिसळला की वेगळा करता येत नाही. पेटीला वेगळा माइक, चाव्यांच्या बाजूनं, दोन फुटांवर. मागच्या बाजूनं लावला तर भात्याची धाप ऐकू येते. तानपुऱ्याच्या अ‍ॅपचा आवाज स्पीकरवर लावून गाऊ नका. तो माइकमध्ये शिरतो, आणि मग दोन टेक एकमेकांना जोडता येत नाहीत.

शब्दांबद्दल थोडंच. दुःख, वेदना, एकटेपणा हे शब्द गाण्यात आले की गाणं बोलायचं थांबतं. खानदेशात बाईच्या उदासीचं गाणं नव्यानं आणावं लागत नाही. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, झोक्यावर म्हटली जाणारी माहेरवाशिणींची गाणी आहेत, मुलींच्या गुलाबाईची आहेत, जात्यावरच्या ओव्या आहेत. त्यांत कुणी 'मी उदास आहे' म्हणत नाही. भाऊ न्यायला आला नाही, वाट मोकळी दिसते, एवढंच सांगतात. अहिराणीत किंवा लेवा बोलीत विचार करणारीनं त्याच बोलीत लिहावं, प्रमाण मराठीचा अंगरखा घालू नये. आणखी एक बारीक गोष्ट: ओळीचा शेवटचा सूर लांबवायचा असेल तर तिथं 'गेलं', 'राहिलं' असे मिटणारे शेवट टाळा. लांबवलेला 'लं' चार मात्रांत गुदमरतो, 'आ' किंवा 'ओ' मोकळा वाहतो. हे लिहिताना नाही, गाताना कळतं, म्हणून गाऊन पाहिल्याशिवाय शब्द पक्के करू नयेत.

लय मिनिटाला साठ ते पंचाहत्तर मात्रा. साठच्या खाली आठ मात्रांची ओळ आठ सेकंदांहून लांबते, श्वास पुरत नाही आणि शब्द मध्येच तुटतो. क्लिकवर, म्हणजे लय दाखवणाऱ्या टिकटिकीवर, गायचं असेल तर ती एकाच कानात आणि हळू ठेवा. हेडफोनमधून गळलेली क्लिक शांत जागी टिकटिक करत राहते. गिटार आणि आवाज एकत्र घेणार असाल तर क्लिक सोडूनच द्या. कडव्याच्या शेवटी लय जराशी रेंगाळते, तिला रेंगाळू द्यावं.

गाणं सलग तीनदा पूर्ण गावं, त्यातला एक टेक निवडावा आणि बिघडलेली ओळच फक्त दुसऱ्या टेकमधून घ्यावी. अक्षर-अक्षर वेचून जोडलेलं गाणं बिनचूक असतं आणि मेलेलं असतं. ऑटोट्यून लावूच नये. ते प्रत्येक सूर पियानोच्या चौकटीत ओढतं, मींड पायऱ्यांसारखी तुटते, आणि मुद्दाम उतरता लावलेला कोमल गंधार 'दुरुस्त' होतो. एखादी ओळ बेसूर आली असेल तर ती परत गाणं जास्त लवकर होतं. श्वास पुसू नका, फार मोठे असतील तर चार-सहा डेसिबलनं उतरवा. आणि गाताना खरोखर रडू नये. रडताना गळा आवळतो, सूर चढा लागतो, आणि ऐकणारा कानकोंडा होतो.

मिक्समध्ये ८० हर्ट्झच्या खालचं कापा, तिथं बाईच्या आवाजाचं काही नसतं, नुसती खोलीची आणि स्टँडची धडधड असते. कॉम्प्रेशन, म्हणजे मोठा आवाज दाबण्याचं प्रमाण, दोनास एक, फार तर तीनास एक, तीन-चार डेसिबलहून जास्त दाबू नका. रिव्हर्ब दीड सेकंदाच्या आसपास आणि त्याआधी २०-३० मिलिसेकंदांची उसंत, म्हणजे शब्द आधी पोचतो आणि घुमारा मागून येतो. किती ठेवायचा? ऐकू येईल इतका वाढवा, मग ऐकू येईनासा होईपर्यंत उतरवा, तिथंच थांबा.

मास्टरिंगच्या, म्हणजे शेवटचा हात फिरवण्याच्या, वेळी 'आवाज मोठा पाहिजे' हा हट्ट सोडावा. स्पॉटिफाय गाणी साधारण उणे १४ एलयूएफएसवर (कानाला जाणवणारा मोठेपणा मोजायचं एकक) आणून ठेवतं, अ‍ॅपल उणे १६वर. तुम्ही चेपून उणे सातवर नेलेलं गाणं तिथं उतरवलंच जातं. मोठेपणा गेला, चेपलेपण तेवढं राहिलं. यूट्यूब मोठं गाणं उतरवतं पण हळू गाणं वर उचलत नाही, म्हणून उणे १४ ते १६च्या मध्ये कुठंतरी आणि शिखर उणे एक डेसिबलवर ठेवलं की सगळीकडे निभतं. शेवटी ते मोबाइलच्या स्पीकरवर, रिक्षात आणि साध्या इयरफोनवर ऐका. ऐकणारे तसंच ऐकणार आहेत.

क्रम लावताना शेजारच्या दोन गाण्यांची पट्टी आणि लय दोन्ही सारखी असू नयेत, नाहीतर दोघांचं मिळून एकच लांबलचक गाणं होतं. सगळ्यात संथ गाणं पहिलं ठेवू नका. चाळीस मिनिटांपुढे उदासी ताणू नये, दहा गाणी असतील तर त्यातली दोन गाळून पाहावीत.

हक्कांच्या बाबतीत आमच्याकडच्या मुली फार फसतात. असोद्याच्या बहिणाबाई चौधरींनी (१८८०–१९५१) गाणी रचली ती तोंडी. मुलगा सोपानदेव आणि घरच्या माणसांनी ती टिपून ठेवली म्हणून १९५२ साली पुस्तक निघालं. आजच्या मुलीला लिहिता येतं, मोबाइलमध्ये तारखेसह जपता येतं, तरी ती गाणं एखाद्या चॅनलवाल्याला 'सर्व हक्क कायमचे' अशा एका ओळीच्या कागदावर देऊन बसते. २०१२च्या कॉपीराइट दुरुस्तीनंतर गीतकार आणि संगीतकाराचा रॉयल्टीतला समान वाटा करार करूनही काढून घेता येत नाही. तो फक्त वारसांना किंवा कॉपीराइट सोसायटीकडे देता येतो. करारात मुदत लिहिली नसेल तर कायदा ती पाच वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. म्हणूनच समोरचा 'कायमचे' आणि 'जगभर' हे दोन शब्द आवर्जून घालतो. सही करण्याआधी ते खोडून मुदत लिहून घ्या.

मुद्रणाचा हक्क वेगळा. ज्यानं पुढाकार घेऊन, जबाबदारी उचलून ते करवलं तो निर्माता आणि हक्क त्याचा. पैसे तुम्ही देत असाल तर 'निर्माती अमुक' असं स्टुडिओच्या पावतीवरच लिहून घ्या. नोंदणी सक्तीची नाही, पण करायची तर गीत किंवा संगीताला प्रत्येकी ५०० रुपये आणि ध्वनिमुद्रणाला २,००० रुपये सरकारी फी आहे. गीतकार-संगीतकारांसाठी १९६९ पासूनची आयपीआरएस ही सोसायटी मुंबईत आहे, तिचं सभासद व्हावं. आखाजीच्या गाण्यातली एखादी ओळ घेतली असेल तर श्रेयात 'पारंपरिक' लिहा, ती आपल्या नावावर लावू नका. आणि स्टुडिओतून निघताना एमपीथ्रीवर समाधान मानू नका. प्रत्येक वाद्याचा आणि आवाजाचा वेगळा २४ बिट वेव्ह ट्रॅक मागून दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवा. इंटरनेटवरचे तयार लूप मात्र वापरू नका. तोच लूप दुसऱ्या कुणी आधी वापरलेला असतो आणि यूट्यूबची यंत्रणा तुमच्याच गाण्यावर त्याचा दावा लावते.

अल्बम प्रकाशनाच्या तीन-चार आठवडे आधी वितरकाकडे, म्हणजे गाणी स्पॉटिफायसारख्या ठिकाणी पोचवणाऱ्याकडे, चढवावा. मुखपृष्ठ ३,००० बाय ३,००० पिक्सेल, चौरस. नाव सगळीकडे एकाच पद्धतीनं लिहा. एकीकडे आडनावासह आणि दुसरीकडे त्याविना लिहिलं की गाणी दोन वेगळ्या गायिकांच्या खात्यात विभागली जातात.

संपादक महोदय, आपल्याला एकच विनंती. पुरवणीत अशा अल्बमची दखल घ्याल तेव्हा गायिकेच्या नावासोबत गीत कुणाचं, चाल कुणाची, मुद्रण कुणी आणि कुठल्या गावी केलं, हेही छापा. एक ओळ लागते. मागच्या मजकुरात गायिकांची छायाचित्रं होती, पण यातलं काहीच नव्हतं.

आपले,
गायन आणि ध्वनिमुद्रणाचं काम करणारे दोन वाचक,
जळगाव